वशिला नसलेला माणूस

परीक्षा जवळ आल्या की आमच्या वर्गात अभ्यासापेक्षा एका वेगळ्याच विषयावर अधिक बोलणे होते. बी. ए. झाल्यावर पुढे काय? कुणी स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तके आणून ठेवली आहेत, कुणी बी. एड्. करायचे म्हणतो, कुणाच्या मामांनी कुठेतरी शब्द टाकून ठेवला आहे. ज्याला असे मामा नाहीत, तो कँटीनमधला चहा संपवता संपवता हमखास म्हणतो की हल्ली वशिल्याशिवाय काही होत नाही. यावर सगळे माना डोलावतात आणि चर्चा तिथेच संपते. मीही अनेकदा मान डोलावली आहे, कारण शब्द टाकणारे माझ्याही घरात कुणी नाही.

गेल्या सुट्टीत ग्रंथालयातून मायकेल फॅरेडेचे चरित्र घरी नेले. खरे सांगायचे तर ते नाइलाजाने नेले. हवी असलेली कादंबरी आधीच कुणीतरी नेली होती. विजेचा शोध, चुंबक, तारांची वेटोळी या गोष्टींशी कलाशाखेच्या विद्यार्थ्याचा संबंध दहावीनंतर संपलेला असतो. पण चार-पाच प्रकरणे वाचली आणि लक्षात आले की हा माणूस ज्या शिडीने वर चढला, ती शिडी शास्त्राच्या पदवीची नव्हती. तशी पदवी त्याच्याकडे कधीच नव्हती. वाचन, टिपणे, पत्रलेखन आणि भाषण या तिच्या पायऱ्या होत्या. म्हणजे आपल्याच शाखेच्या! म्हणून हे चरित्र आपल्या वार्षिकात सांगावेसे वाटले.

मायकेलचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स हे लोहार. उत्तर इंग्लंडमधून पोटासाठी राजधानीत आलेले. त्यांची प्रकृती नेहमीच नरम असे आणि लोहाराचा धंदा तर अंगमेहनतीचा. ज्या दिवशी ऐरणीपाशी उभे राहवत नसे, त्या दिवशीची मजुरी बुडत असे. घरात चार मुले. 1801 साली इंग्लंडमध्ये धान्य फार महाग झाले, तेव्हा या कुटुंबाला मदतीवर दिवस काढावे लागले. नऊ वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तो त्याने सात दिवस पुरवायचा असे. शिक्षण म्हणाल तर लिहिणे, वाचणे आणि थोडेफार अंकगणित. तेराव्या वर्षी शाळा सुटलेली होती.

1804 साली ब्लँडफर्ड स्ट्रीटवर रिबो नावाच्या गृहस्थांच्या दुकानात तो पोऱ्या म्हणून लागला. दुकान पुस्तकविक्रीचे आणि पुस्तकबांधणीचे. त्या काळी वर्तमानपत्र महाग असल्याने एकच अंक अनेक घरी भाड्याने फिरवीत. अंक पोचवायचा, वाचून होईपर्यंत थांबायचे किंवा परत जाऊन तो आणायचा आणि पुढच्या घरी द्यायचा, हे मायकेलचे काम. वर्षभर त्याने ते इतके चोख केले की 1805 च्या ऑक्टोबरमध्ये रिबोंनी त्याला सात वर्षांच्या करारावर उमेदवार म्हणून ठेवून घेतले. अशा उमेदवारीसाठी मुलाच्या बापाने धन्याला रक्कम देण्याची रीत होती. रिबोंनी ती घेतली नाही. मुलाने आधी केलेली इमानी नोकरी हीच ती रक्कम असे त्यांनी मानले. वर्तमानपत्रे वाटण्याचे काम कुणाला मोठे वाटेल? पण या माणसाच्या आयुष्यातली पहिली बढती त्याच कामाने मिळवून दिली.

आता रोजचे काम म्हणजे छापील फर्मे दुमडणे, जुजबंदी करणे, कडा कापणे, पुठ्ठा आणि कातडे चढवणे. हाताखालून शेकडो पुस्तके जात. त्या दुकानात दुसरे उमेदवारही होते आणि त्यांच्याही हाताखालून तीच पुस्तके जात होती. मायकेल मात्र बांधायला आलेले पुस्तक काम संपल्यावर वाचत बसे. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा एक खंड बांधायला आला आणि त्यातला विजेवरचा लेख त्याच्या दृष्टीस पडला. जेन मार्सेट या बाईंनी संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक वाचले. वाचलेले खरे आहे का हे पाहण्यासाठी त्याने रिकाम्या बाटल्या आणि चार पैशांचे सामान जमवून घर्षणाने वीज निर्माण करणारे एक लहानसे यंत्रही तयार केले. रिबोंनी याला कधी आडकाठी केली नाही, ही त्यांची थोरवी.

याच सुमारास आयझॅक वॉट्स या लेखकाचे मनाच्या मशागतीवरचे एक पुस्तक त्याच्या हाती पडले. आजच्या भाषेत ते व्यक्तिमत्त्व-विकासाचे पुस्तक म्हणता येईल. अशी पुस्तके आपणही वाचतो, दोन दिवस भारावून जातो आणि मग ती उशीखाली जातात. मायकेलने निराळेच केले. पुस्तकात सांगितले होते की टिपणवही ठेवा, व्याख्याने ऐका, कुणाशी तरी नियमित पत्रव्यवहार करा आणि विचारांची देवाणघेवाण करायला चार माणसे जमवा. त्याने या चारही गोष्टी एकेक करून अंमलात आणल्या. त्याच्या पुढच्या आयुष्यातले जवळजवळ सगळे या चार सवयींतून उगवले आहे असे चरित्र वाचताना वाटत राहते.

प्रथम टिपणवही. वाचनात आलेल्या विज्ञानविषयक मजकुराची त्याने 1809 पासून एक वही केली. मग व्याख्याने. जॉन टेटम नावाचे गृहस्थ आपल्या घरी संध्याकाळी विज्ञानावर व्याख्याने देत. एका व्याख्यानाला एक शिलिंग फी. उमेदवाराच्या खिशात शिलिंग कुठून असणार? थोरला भाऊ रॉबर्ट वडिलांप्रमाणेच लोहारकी करीत होता. त्याने ते पैसे दिले. 1810 च्या फेब्रुवारीपासून मायकेल ती व्याख्याने ऐकू लागला. तिथे तो भरभर मुद्दे टिपून घेई, घरी आल्यावर ते सविस्तर लिही आणि मग स्वच्छ प्रत तयार करी. उपकरणांच्या आकृत्या नीट काढता याव्यात म्हणून रिबोंकडे राहणाऱ्या मास्करिए या चित्रकाराकडून त्याने चित्रकलेचे धडे घेतले. शेवटी या टिपणांचे चार खंड स्वतःच्या हाताने बांधले आणि ते रिबोंना अर्पण केले.

इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. आपल्या नोट्सची गत आठवली. सर फळ्यावर लिहितात, आपण मोबाइलने फोटो काढतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तो फोटो शोधत बसतो. नाहीतर गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी वहीची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स आणि तिच्यात निम्मी अक्षरे गायब! मायकेलसमोर परीक्षा नव्हती. त्या टिपणांना कुणी गुण देणार नव्हते. तरी त्याने ती तीनदा लिहिली, कारण लिहिता लिहिताच विषय आपल्याला कळतो हे त्याला उमगले होते.

टेटम यांच्याकडे जमणाऱ्या तरुणांचे एक मंडळ होते, सिटी फिलॉसॉफिकल सोसायटी. त्यात मायकेलला मित्र मिळाले. बेंजामिन अ‍ॅबट हा एक तरुण कारकून. त्याच्याशी 1812 मध्ये मायकेलने पत्रव्यवहार सुरू केला. दोघेही लंडनमध्येच राहत होते, मनात आणले तर भेटू शकत होते. पण आपल्याला नीट लिहिता येत नाही, शब्द आठवत नाहीत, विरामचिन्हे चुकतात हे मायकेलला ठाऊक होते आणि पत्रे लिहून तो ते सुधारीत होता. मंडळातला दुसरा मित्र एडवर्ड मॅग्रथ. तो पुढे सात वर्षे आठवड्यातून दोन तास मायकेलचे लिहिणे आणि बोलणे दुरुस्त करीत असे. मित्राकडून चुका काढून घ्यायच्या, त्याही सात वर्षे! आपल्या मित्राने एकदा आपली चूक काढली तर आपण आठवडाभर त्याच्याशी बोलत नाही.

रिबोंना त्या चार खंडांचा मोठा अभिमान. गिऱ्हाइके येत, त्यांना ते कौतुकाने ते खंड दाखवीत. एके दिवशी डान्स नावाच्या संगीतकार घराण्यातल्या गिऱ्हाइकाने ते पाहिले आणि या कष्टाळू मुलाला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानांची तिकिटे मिळाली.

रॉयल इन्स्टिट्यूशन ही अल्बेमार्ल स्ट्रीटवरची संस्था 1799 मध्ये स्थापन झाली होती. तिथे सर हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकायला लंडनमधला उच्चभ्रू समाज गर्दी करीत असे. डेव्ही म्हणजे त्या काळचे सर्वांत नामांकित रसायनशास्त्रज्ञ. 1812 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात डेव्हींची चार व्याख्याने मायकेलने वरच्या सज्जात घड्याळाच्या माथ्यावर बसून ऐकली. पुन्हा तेच. मुद्दे टिपले, विस्ताराने लिहिले, आकृत्या काढल्या, तीनशेवर पाने झाली आणि त्यांचेही पुस्तक बांधले.

उमेदवारी त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये संपणार होती. विज्ञानाच्या कामात कुठेतरी शिरावे, मग ते कितीही हलके का असेना, या इच्छेने त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्र लिहिले. उत्तर आले नाही. तो स्वतः चौकशीला गेला तेव्हा दारावरच्या माणसाने सांगितले की त्या पत्राला उत्तर देण्याचे कारण नाही असा निरोप आहे. नोकरीसाठी अर्ज करून वाट पाहणाऱ्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल.

ऑक्टोबरमध्ये तो द ला रोश नावाच्या बाइंडरकडे कारागीर म्हणून लागला. धनी रागीट होता, पण त्याचा या कारागिरावर इतका जीव जडला की, मला मूलबाळ नाही, तू टिकलास तर हा धंदा पुढे तुलाच देईन, असे त्याने सांगून टाकले. वडील 1810 मध्ये वारले होते, आई माणसे ठेवून घेऊन घर चालवीत होती. अशा वेळी चालता धंदा आपण होऊन दाराशी आला होता. घरातल्या वडीलधाऱ्यांनी काय सल्ला दिला असता हे सांगायला नको.

पण मायकेलचा जीव त्यात नव्हता. 1812 च्या डिसेंबरात त्याने आणखी एक पत्र लिहिले, डेव्हींना. या वेळी नुसते पत्र पाठवले नाही, सोबत डेव्हींच्याच व्याख्यानांचे ते बांधलेले पुस्तक पाठवले. बँक्स यांना गेलेल्या पत्रात एका अनोळखी मुलाची विनंती होती. डेव्हींच्या हाती पडले ते त्या मुलाचे काम. अक्षर, आकृत्या, समज, चिकाटी आणि बांधणी, सगळे एका ठिकाणी. तो मुलगा कसा आहे हे डेव्हींना कुणी सांगावे लागले नाही. नाताळच्या आदल्या दिवशी त्यांचे उत्तर आले आणि जानेवारीत भेटही झाली.

भेटीत नोकरी मिळाली नाही. जागा रिकामी नव्हती आणि डेव्हींनी बांधणीचाच धंदा धरून राहा असा व्यवहारी सल्ला दिला. मायकेल परत आला आणि पुन्हा पुठ्ठे चढवू लागला. मग फेब्रुवारीत इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसाची उपकरणे करणाऱ्या कारागिराशी मारामारी झाली आणि त्या मदतनिसाला काढून टाकण्यात आले. एके रात्री मायकेल झोपायच्या तयारीत असताना दाराशी गाडी थांबली आणि डेव्हींचा नोकर चिठ्ठी घेऊन आला. 1 मार्च 1813 रोजी त्याची नेमणूक झाली. आठवड्याला 25 शिलिंग पगार, माळ्यावरच्या दोन खोल्या, जळण आणि मेणबत्त्या. काम काय? व्याख्यात्यांना उपकरणे मांडून देणे, ती परत जागेवर ठेवणे, पुसणे, बाटल्या धुणे.

इथे कुणी म्हणेल की हे सारे नशीब. तिकिटे मिळाली ते नशीब, डेव्हींनी उत्तर दिले ते नशीब, मारामारी झाली तेही नशीबच. मी हे नाकारणार नाही. लंडनमध्ये त्या काळी असे कितीतरी होतकरू उमेदवार असतील की ज्यांच्या दाराशी गाडी थांबली नाही. पण या तीन योगांकडे नीट पाहावे. तिकिटे मिळाली ती दुकानात चार खंड दिसले म्हणून. उत्तर आले ते पुस्तक सोबत होते म्हणून. जागा रिकामी झाल्यावर डेव्हींना त्याचेच नाव आठवले, कारण दोन महिन्यांपूर्वी त्याचे काम त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आपण ज्याला वशिला म्हणतो त्यात माणसाचे नाते पाहतात, काम पाहत नाहीत. मायकेलच्या पाठीशी जे लोक उभे राहिले, ते सगळे त्याचे काम पाहून उभे राहिले. रिबो, डान्स, डेव्ही यांपैकी कुणी त्याच्या नात्याचे नव्हते, गावचे नव्हते. ओळख त्यालाही लागली. फरक इतकाच की ती त्याच्या वहीने करून दिली.

नेमणूक झाली म्हणजे सुखाचे दिवस आले असे मात्र नाही. 1813 च्या ऑक्टोबरात डेव्ही पत्नीसह युरोपच्या प्रवासाला निघाले आणि मायकेलला मदतनीस म्हणून बरोबर घेतले. ऐन वेळी डेव्हींच्या खाजगी नोकराने यायचे नाकारले, तेव्हा पॅरिसमध्ये दुसरा नोकर मिळेपर्यंत ती कामेही मायकेलने करावीत असे ठरले. दुसरा नोकर काही मिळाला नाही. लेडी डेव्ही श्रीमंत आणि मानी बाई. त्या त्याला नोकर म्हणूनच वागवीत. अपमान इतका सलला की सगळे सोडून घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. तरी तो थांबला. कारण त्याच प्रवासात पॅरिसला अँपिअर, इटलीत वृद्ध व्होल्टा यांचे दर्शन घडत होते. डेव्हींच्या शेजारी उभे राहून मोठा शास्त्रज्ञ विचार कसा करतो हे रोज पाहायला मिळत होते. फ्रेंच आणि इटालियन भाषा कानावर पडून येऊ लागल्या होत्या. 1815 च्या एप्रिलमध्ये तो परतला तेव्हा दीड वर्षाचे विद्यापीठच पार करून आला होता. नोकरीतला कुठला अपमान गिळावा आणि कुठला गिळू नये, याचे त्याचे गणित साधे होते. जिथे शिकायला मिळते तिथे थोडे सोसावे.

परत आल्यावर त्याने शिकणे थांबवले नाही. 1816 मध्ये त्याचा पहिला छोटा शोधनिबंध छापून आला. त्याच वर्षी मित्रमंडळात त्याने स्वतः व्याख्याने द्यायला सुरुवात केली. आज आपण फॅरेडेला एक उत्कृष्ट वक्ता म्हणून ओळखतो, पण ही देणगी जन्मजात नव्हती. मदतनीस म्हणून तो दुसऱ्यांच्या व्याख्यानांना उभा असे, तेव्हा श्रोते कुठे कंटाळतात, वक्त्याचा आवाज कुठे पडतो, टेबलाची मांडणी कशी असावी याची बारीक निरीक्षणे करून ती अ‍ॅबटला कळवीत असे. पुढे स्मार्ट नावाच्या वक्तृत्वाच्या शिक्षकाकडे त्याने रीतसर धडे घेतले. बाटल्या धुण्याच्या कामातूनही त्याने व्याख्यान देण्याची कला उचलली, ती अशी. 1825 मध्ये तो त्याच प्रयोगशाळेचा संचालक झाला. त्याने सुरू केलेली शुक्रवारची सायंव्याख्याने गाजू लागली. मुलांसाठीच्या नाताळातल्या व्याख्यानमाला त्याने एकूण एकोणीस वेळा गुंफल्या. मेणबत्तीसारख्या साध्या वस्तूवरून अख्खे रसायनशास्त्र मुलांना समजावून देणारी त्याची व्याख्यानमाला आजही पुस्तकरूपाने वाचली जाते.

या चढणीवर एक मोठी ठेचही लागली. 1821 च्या सप्टेंबरात त्याने विद्युत्प्रवाह वाहणारी तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. विद्युत्-मोटारीची ही गंगोत्री. आनंदाच्या भरात निबंध घाईने छापायला दिला. याच विषयावर वोलास्टन नावाचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ डेव्हींच्या बरोबर विचार करीत होते आणि निबंधात त्यांचा उल्लेख राहून गेला. झाले! बाइंडरच्या पोराने थोरामोठ्यांची कल्पना चोरली अशी कुजबुज सुरू झाली. फॅरेडेने केले ते वेगळे होते आणि स्वतःचे होते. पण उल्लेख करायला हवा होता, ही चूकही त्याचीच होती. त्याने कुजबुजीला कुजबुजीने उत्तर दिले नाही. सरळ वोलास्टन यांना लिहून भेट मागितली आणि समोरासमोर खुलासा केला. वोलास्टन यांचे मन निवळले.

डेव्हींचे मात्र निवळले नाही. 1823 मध्ये फॅरेडेचे नाव रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी सुचवले गेले, तेव्हा विरोध केला तो सोसायटीचे तेव्हाचे अध्यक्ष असलेल्या डेव्हींनीच. ज्या हाताने वर ओढून घेतले तोच हात आता खाली दाबू पाहत होता. शिष्य आपल्याला मागे टाकणार हे ओळखण्याइतके डेव्ही तीक्ष्ण होते आणि ते गोड मानून घेण्याइतके मोठे नव्हते. फॅरेडेने नाव मागे घेतले नाही आणि गुरूविरुद्ध आघाडीही उघडली नाही. 8 जानेवारी 1824 रोजी मतदान झाले. विरोधात फक्त एक मत पडले. त्यानंतरही आयुष्यभर डेव्हींविषयी तो कृतज्ञतेनेच बोलत राहिला. आपला हक्क सोडायचा नाही आणि उपकारही विसरायचे नाहीत, या दोन गोष्टी एकाच वेळी करता येतात हे मला इथे प्रथम कळले.

29 ऑगस्ट 1831 हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस. लोखंडी कड्यावर दोन बाजूंना तारेची दोन वेटोळी गुंडाळून त्याने पाहिले की एका वेटोळ्यातला प्रवाह सुरू किंवा बंद करताच दुसऱ्यात क्षणभर वीज खेळते. पुढच्या काही आठवड्यांत चुंबक हलवूनही वीज निर्माण करता येते हे त्याने सिद्ध केले. आज कोयनेच्या पाण्यावर जनित्रे फिरतात आणि आपल्या वाचनकक्षातला दिवा लागतो, तो याच तत्त्वावर. गणित त्याला जवळजवळ येत नव्हते. ही उणीव त्याने लपवली नाही आणि तिच्यावर रडतही बसला नाही. चुंबकाभोवतीच्या शक्तिरेषा तो डोळ्यांनी पाहिल्याप्रमाणे वर्णन करून सांगे. त्यांना गणिताचे रूप पुढे मॅक्सवेलने दिले. स्मरणशक्तीही त्याला दगा देई, म्हणून जे केले ते त्याच दिवशी लिहून ठेवायचे असा त्याचा नेम होता. त्याच्या प्रयोगवहीतल्या क्रमांक दिलेल्या परिच्छेदांची संख्या सोळा हजारांच्या वर आहे. रिबोंच्या दुकानातली वही शेवटपर्यंत सुटली नाही.

आता पैशाचे. इन्स्टिट्यूशनकडून त्याला वर्षाला शंभर पौंड, राहायला जागा, कोळसा आणि मेणबत्त्या मिळत. बाहेरच्या कारखानदारांची कामे करून 1830 साली त्याने हजार पौंडांहून जास्त कमावले होते. पण त्या कामांत दिवस जात आणि संशोधन राहून जाई. त्याने हिशेब केला आणि बाहेरची कामे जवळजवळ बंद केली. मात्र दीपगृहांच्या सुधारणेसारखे लोकोपयोगी काम त्याने म्हातारपणापर्यंत केले. 1835 मध्ये सरकारी पेन्शनचा प्रस्ताव आला. भेटीच्या वेळी पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न अशा पेन्शनांविषयी काहीतरी तुच्छतेने बोलून गेले. फॅरेडेने त्याच दिवशी पेन्शन नको म्हणून कळवले. अखेर मेलबर्न यांनी लेखी दिलगिरी व्यक्त केली, तेव्हाच त्याने वर्षाला तीनशे पौंड स्वीकारले. लेडी डेव्हींचा अपमान बावीस वर्षांच्या मदतनिसाने सोसला होता, कारण तिथे शिकायचे होते. इथे शिकण्यासारखे काही नव्हते.

त्याचे सगळेच अनुकरणीय होते असे नाही. कामाच्या ओझ्याने 1840 च्या सुमारास त्याची प्रकृती ढासळली आणि काही वर्षे संशोधन जवळजवळ थांबले. आणि ज्याला डेव्हींनी हात दिला त्या फॅरेडेने स्वतः मात्र एकही शिष्य तयार केला नाही. अँडरसन नावाचा निवृत्त सार्जंट त्याचा विश्वासू मदतनीस होता, पण तो मदतनीसच राहिला. माळ्यावरच्या त्या खोल्यांतून दुसरा फॅरेडे निघाला नाही, ही रुखरुख चरित्र वाचताना लागतेच.

रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्याला दोनदा देऊ केले गेले, दोनदा त्याने नम्रपणे नाकारले. सर ही पदवीही नको म्हटले. 25 ऑगस्ट 1867 रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे, राणी व्हिक्टोरियाने राहायला दिलेल्या घरात, आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या त्याने डोळे मिटले. हायगेटच्या स्मशानभूमीत त्याची साधी समाधी आहे.

मित्रहो, हे चरित्र वाचून उद्या कुणाला नोकरी लागणार नाही. आपले दिवस वेगळे आहेत, स्पर्धा मोठी आहे आणि वशिला ही गोष्ट खोटी आहे असेही मी म्हणणार नाही. पण कँटीनमध्ये जेव्हा तो विषय निघतो, तेव्हा मी हल्ली स्वतःला एक प्रश्न विचारतो. समजा उद्या एखाद्या डान्ससाहेबांनी आपल्या दारात येऊन विचारले की तू काय केले आहेस ते दाखव, तर मी काय दाखवीन? गुणपत्रिका सर्वांकडे असते. तिच्याशिवाय माझ्याकडे काय आहे? गावातल्या जुन्या माणसांकडून ऐकून लिहून काढलेल्या ओव्यांची एखादी वही? नीट केलेला एखादा अनुवाद? एखाद्या वाड्याचा, देवळाचा, बाजाराचा स्वतः हिंडून लिहिलेला इतिहास? यांपैकी कशालाही वशिला लागत नाही. वही, पेन आणि संध्याकाळचे दोन तास लागतात.

आणि दार वाजलेच नाही तर? तर मायकेल फॅरेडे लंडनमधला एक उत्तम वाचलेला, नीट बोलणारा, चांगले मित्र असलेला बुकबाइंडर म्हणून जगला असता. तेही काही वाईट झाले नसते. त्याने ती वही नोकरीसाठी लिहायला घेतलीच नव्हती.

मी एक कोरी वही आणली आहे. पहिली आठ पाने झाली आहेत. अक्षर अजून सुधारायचे आहे.